मटण चालू ठेवून मोठं आतडं सांभाळायचं कसं: कोल्हापूरकरांसाठी अगदी सुरुवातीपासून

कोल्हापुरात कुणालाही सांगा की आतड्यासाठी जरा नीट खायला चालू कर, पहिला प्रश्न ठरलेला, "म्हणजे मटण बंद का काय?" आणि त्याला लागूनच दुसरा, "आणि चटणी?" दोन्ही बंद करायची गरज नाही, मटणाला काही अटी आहेत त्या पुढं सांगतो. माझं मत विचाराल तर आपला घोळ रविवारच्या ताटात कमी आणि उरलेल्या दिवसांत जास्त आहे. सकाळी चहा-खारी, दुपारी डब्यात दोन चपात्या आणि बटाटा, संध्याकाळी वडापाव, रात्री भाताचा डोंगर आणि त्यावर पातळ आमटी, मग पोट साफ होत नाही म्हणून झोपताना चमचाभर चूर्ण. भाकरी, उसळ, पालेभाजी, फळ यातलं काहीच दिवसभरात पोटात गेलं नाही, आणि हे रोजचं आहे. तर एकेक गोष्ट परत ताटात कशी आणायची ते क्रमानं सांगतो. सगळं एकदम करू नका, दर आठवड्याला एकच बदल करा, का ते तिसऱ्या स्टेपमध्ये कळेल.

आधी थोडं आतड्याबद्दल, नाहीतर पुढचं सगळं नुसतं पथ्य वाटेल. मोठं आतडं साधारण दीड मीटर लांब असतं. लहान आतड्यात पचून उरलेलं पातळ इथं येतं, त्यातलं पाणी आणि क्षार शोषले जातात आणि उरलेलं घट्ट होऊन बाहेर पडतं, हे शाळेत शिकलोय. शाळेत फारसं सांगत नाहीत ते म्हणजे इथं प्रचंड संख्येनं जिवाणू राहतात आणि आपल्याला न पचणारे तंतू, म्हणजे फायबर, ते खातात. ते खाऊन जे आम्ल तयार करतात त्यातलं एक ब्युटिरेट, आणि मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराच्या पेशी मुख्यतः त्यावरच चालतात. म्हणजे तुम्ही फायबर खाल्लं नाही तर नुसता मळ कडक होतो असं नाही, त्या अस्तरालाच खुराक कमी पडतो. फायबरचा दुसरा फायदा साधा आहे, ते पाणी धरून ठेवतं, मळ मऊ आणि भरीव होतो आणि आतड्यात रेंगाळत नाही.

स्टेप १: आत्ता किती फायबर खाताय ते बघा

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशोबानं २००० कॅलरी खाणाऱ्या माणसाला दिवसाला साधारण ३० ग्रॅम फायबर हवं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना किमान २५ ग्रॅम सांगते. आकडा पाठ करायची गरज नाही पण एकदा अंदाज घ्या. वर सांगितलेलं चहा-खारी ते भात-आमटीवालं ताट बेरीज केली तर बारा-पंधरा ग्रॅमच्या पुढं जाणं अवघड. आता दुसरं ताट बघा: शाळूच्या दोन मध्यम भाकऱ्या, त्यात साधारण १२ ग्रॅम. मटकीची वाटीभर घट्ट उसळ, ६ ग्रॅम. मेथी नाहीतर पोकळ्याची भाजी वाटीभर, ४. एक पेरू, ५ ते ८. काकडी-गाजराची कोशिंबीर, २. झालं की तीस. यातलं काहीच मॉलमधनं आणलेलं नाही, हे सगळं आजीच्या काळात रोजचं जेवण होतं.

यासोबत अजून एक गोष्ट बघायची, जरा घाण वाटेल पण कामाची आहे. ब्रिस्टल स्टूल चार्ट म्हणून एक तक्ता आहे, १९९७ साली इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या डॉक्टरांनी केला, त्यात मळाचे सात प्रकार चित्रासकट दिलेत. एक नंबर म्हणजे शेळीच्या लेंड्यांसारखे कडक खडे, सात नंबर म्हणजे नुसतं पाणी. तीन आणि चार चांगले, मऊ, एकसंध, जोर न लावता होणारे. आठवडाभर रोज आपला नंबर मनात नोंदवा. रोज झालंच पाहिजे असं काही नसतं, दिवसाला तीन वेळा ते आठवड्याला तीन वेळा इतकी मोकळीक नॉर्मलमध्ये धरतात, तेव्हा एक दिवस नाही झालं म्हणून लगेच औषध शोधायला नको.

स्टेप २: पीठ बदला

सगळ्यात सोपा आणि सगळ्यात जास्त फरक पाडणारा बदल हाच, म्हणून पहिला. शंभर ग्रॅम ज्वारीत, बाजरीत, नाचणीत साधारण १० ते ११ ग्रॅम फायबर असतं, गव्हाच्या पूर्ण आट्यात पण तेवढंच. मैद्यात आणि पांढऱ्या तांदळात तेच तीनच्या आत येतं. म्हणजे वैर गव्हाशी नाही, वैर चाळणीशी आहे. गिरणीतनं दळून आणलेलं पीठ बारीक चाळणीनं चाळून कोंडा म्हशीला घालायची सवय अजून पुष्कळ घरात आहे, ती थांबवली तरी निम्मं काम झालं. चपाती जरा जाड होते, पहिल्या आठवड्यात घरात कुरकुर होणार, होऊ द्या.

दिवसातनं एका जेवणाला भाकरी ठेवा. जोंधळ्याची जमत नसेल तर नाचणीची, थंडीत बाजरीची. भाकरी थापता येत नाही ही अडचण आता अडचण राहिलेली नाही, गल्लीगल्लीत कुणीतरी मावशी भाकरी करून देतात. भात आवडतो त्यानं भात सोडायची गरज नाही, पण ताटात आधी भाकरी-भाजी-उसळ आणि शेवटी भात असा क्रम लावा, आपोआप कमी जातो.

ब्राऊन ब्रेडबद्दल एक सांगतो. रंग बघून घेऊ नका, पाकीट उलटं करून पहिला घटक वाचा. पहिलाच घटक मैदा किंवा रिफाईन्ड व्हीट फ्लोअर असेल तर तो रंगवलेला पांढरा ब्रेडच आहे. मल्टीग्रेन बिस्किटांचं पण तेच.

स्टेप ३: कडधान्यं, पण हळू

इथं आपण नशीबवान आहोत. अख्खा मसूर हा या पट्ट्यातला, सांगली-इस्लामपूरपासून कोल्हापूरपर्यंतच्या ढाब्यांवरचा पदार्थ, आणि आतड्यासाठी याच्यापेक्षा चांगलं जेवण शोधून सापडणार नाही. शंभर ग्रॅम कोरड्या अख्ख्या मसुरात १६ ग्रॅमच्या आसपास फायबर असतं. फक्त ढाब्यावर तो तेलाच्या तवंगात पोहत येतो आणि सोबत मैद्याची बटर रोटी. घरी करा, तेल दोन चमचे, सोबत भाकरी. मटकी, मूग, हरभरा, चवळी, वाटाणा हे आहेतच. हुलग्याचं माडगं कुणाच्या घरी अजून होत असेल तर ती रेसिपी लिहून घ्या, पावसाळ्यात गरम गरम वाटीभर माडगं आणि भाकरी म्हणजे जेवण झालं.

आता हळू का ते. ज्या आतड्याला बारा ग्रॅमची सवय आहे त्याला उद्या तीस दिलं तर जिवाणू जोरात कामाला लागतात आणि गॅस, पोटफुगी, गुडगुड सुरू होते, मग माणूस म्हणतो मला कडधान्य सोसत नाही आणि कायमचं सोडून देतो. सोसतं, फक्त वेळ द्या. पहिल्या आठवड्यात एक दिवसाआड अर्धी वाटी, मग रोज अर्धी, मग वाटीभर. कडधान्य रात्रभर भिजवून ते पाणी फेकून द्या, गॅस करणारी साखर थोडी त्या पाण्यात निघून जाते. मोड आणले तर अजून बरं. नीट मऊ शिजवा, कचकच उसळ नवख्या पोटाला नको. आणि फायबर वाढवताय तर पाणी पण वाढवायचं, नाहीतर उलटं व्हायचं, मळ अजून कडक. दिवसाला दोन-अडीच लिटर, एप्रिल-मे महिन्यात जास्त. ज्यांना किडनीच्या किंवा हार्टच्या आजारामुळं डॉक्टरांनी पाणी मोजून प्यायला सांगितलंय त्यांनी हे परस्पर वाढवू नये.

स्टेप ४: मंडईची एक फेरी

सरकारी पोषण मार्गदर्शनात दिवसाला ४०० ग्रॅम भाजी आणि १०० ग्रॅम फळ सांगितलंय, भाजी म्हणजे बटाटा नव्हे. चारशे ग्रॅम ऐकायला जास्त वाटतं, पण दोन्ही वेळेला वाटीभर भाजी आणि मूठभर कच्चं असं धरलं की होतं. कपिलतीर्थ मंडईत सकाळी गेलात तर पोकळा, चाकवत, शेपू, अंबाडी, करडई, मेथी, कांदापात असं सगळं खेड्यातनं आलेलं ताजं मिळतं. रोज एक जुडी घ्या, प्रत्येक दिवशी वेगळी. वेगवेगळ्या भाज्यांचे तंतू वेगवेगळ्या जिवाणूंना चालतात, म्हणून बारा महिने मेथीच खाऊन भागत नाही. निवडायचा कंटाळा हे खरं कारण असतं, ते मला मान्य आहे, टीव्ही बघत निवडा, नाहीतर गवार, घेवडा, भेंडी, शेवगा घ्या, त्यात निवडण कमी. दोडक्याच्या शिरा टाकू नका, त्याची तीळ घालून चटणी करतात. जवसाची आणि कारळ्याची चटणी पण डब्यात भरून ठेवा, चमचाभर रोज ताटात.

फळांत पेरू राजा. स्वस्त, सालीसकट खायचा, बियांसकट. पेरूच्या बियांनी अपेंडिक्स होतं ही भीती अजून लोकांच्या डोक्यात आहे, ती सोडा. ज्यूस मात्र फळात धरू नका, गाळणीत फायबर राहतं आणि ग्लासात साखर येते. उसाच्या रसाचं आणि गुळाचंही तसंच, आपला गूळ कितीही भारी असला, जीआय टॅगवाला असला, तरी आतड्याच्या दृष्टीनं ती साखरच.

उपवासवाल्यांसाठी एकच ओळ: साबुदाण्यात फायबर नावाला पण नसतं, त्याऐवजी रताळं, राजगिरा, लाल भोपळा, काकडी. नवरात्रात नऊ दिवस खिचडी खाऊन दहाव्या दिवशी पोट धरून बसणारे घरोघरी असतात.

स्टेप ५: आता मटण

आधी काय सिद्ध झालंय ते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं ऑक्टोबर २०१५ मध्ये दोन वेगळे निर्णय दिले. प्रक्रिया केलेलं मांस, म्हणजे सॉसेज, सलामी, हॅम, बेकन, खारवलेलं-धुरावलेलं, हे मोठ्या आतड्याचा कॅन्सर करतं याचा पुरेसा पुरावा आहे म्हणून पहिल्या गटात टाकलं. लाल मांस, ज्यात बोकडाचं आणि मेंढीचं मटण दोन्ही येतं, ते बहुधा करत असावं म्हणून त्याच्या खालच्या गटात. रोज ५० ग्रॅम प्रक्रिया केलेलं मांस खाल्लं तर धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो असं त्यात म्हटलंय. हा १८ टक्के आकडा व्हॉट्सॲपवर असा फिरतो जणू खाणाऱ्या शंभरातल्या अठरा जणांना कॅन्सर होणार. तसं नाहीये, तुमचा मुळात जो धोका आहे त्याच्यावर तेवढी वाढ, आणि भारतात हा मूळ धोका पाश्चात्त्य देशांपेक्षा कमीच आहे.

लाल मांसाची मर्यादा वर्ल्ड कॅन्सर रिसर्च फंड आठवड्याला तीन वेळा, शिजवलेलं मिळून ३५० ते ५०० ग्रॅम अशी सांगतो. आता आपल्याकडं मटणाचे वार कुठले? बुधवार, शुक्रवार, रविवार. बरोबर तीनच! वार जुळले, प्रश्न राहतो वजनाचा. चार माणसांच्या घरात रविवारी किलोभर मटण आणलं तर त्यातली हाडं वजा करून, शिजून आटून, माणशी सव्वाशे ग्रॅमच्या आसपास येतं. आठवड्याला तीनदा एवढंच खाल्लं तर तुम्ही मर्यादेत बसता. बसत नाही ते कोण? जे दुपारी घरी सुक्कं खातात, रात्री मित्रासोबत मटण थाळी, वर खिमा एक्स्ट्रा, आणि सोमवारी यात्रेचं जेवण. थाळीत फोडी कमी आल्या म्हणून वाढप्याशी भांडणारं पब्लिक आपलं.

तर करायचं काय:

बुधवारी अंडी किंवा मासे, शुक्रवारी चिकन, रविवारी मटण असं वाटून टाका. सणावाराला, यात्रेला एखादं जास्त झालं तर पुढच्या आठवड्यात कमी करा, हिशोब महिन्याचा ठेवा. मटणाच्या ताटात भाकरी आणि कच्चा कांदा-काकडी-मुळा सक्तीचा. मला स्वतःला तांबड्यात कुस्करलेल्या भाकरीपुढं तंदूर रोटी म्हणजे शिक्षा वाटते, पण चवीचं सोडा, दोन भाकऱ्या पोटात गेल्या की फोडी आपोआप कमी जातात. रश्श्याची वाटी तीनदा भरून घ्यायची तर पांढऱ्यापेक्षा तांबडा पातळ घ्या, पांढऱ्यात नारळाचं दूध, काजू, तीळ, खसखस आणि वरनं मटणाची चरबी असते. निखाऱ्यावर काळं केलेलं, जळकं टोक असलेलं मांस नेहमी खाऊ नका, जास्त आचेवर मांस करपलं की त्यात घातक रसायनं तयार होतात. शिजवलेला रस्सा यात उजवा आहे, हे कोल्हापूरकरांनी छाती पुढं काढून सांगावं.

सॉसेज-सलामीला मात्र कोटा देऊ नका. पूर्वी आपल्याकडं हे नव्हतंच, आता पिझ्झ्यावर आणि फ्रोझनच्या फ्रीजमध्ये आलंय आणि पोरांच्या डब्यात जातंय. चिकनचं असलं तरी प्रक्रिया तीच. आणि मटणासोबत जे बसतं त्याबद्दल पण बोलायलाच हवं, दारू हे मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ठरलेलं कारण आहे, तिथं बुधवार-शुक्रवारचा हिशोब चालत नाही, जितकी कमी तितकं बरं आणि नसेल तर उत्तम. सिगरेटचंही तेच. माव्याची पुडी तर आतड्याच्या आधी तोंडाचा निकाल लावते.

स्टेप ६: मिसळ आणि चटणी

मिसळीच्या वाटीत तीन थर असतात, खाली मटकी, मध्ये फरसाण, वरनं कट. आतड्याचा मित्र फक्त तळाचा थर. मिसळवाल्याला सांगा, मटकी जास्त टाक, फरसाण कमी, बहुतेक जण ऐकतात. कटाची दुसरी वाटी मागताना वर तरंगणारं तेल बाजूला राहू दे म्हणा. सोबतचा स्लाईस ब्रेड हा मैदा, दोन स्लाईसवर थांबा. महिन्यातनं दोनदा-तीनदा मिसळ खाण्यात काही वाईट नाही, रोजचा नाष्टा मिसळ असेल तर मग वरचे पाचही स्टेप वाया.

तिखटाबद्दल: कांदा-लसूण चटणीनं आतड्याला भोकं पडतात, कॅन्सर होतो, असलं बोलणाऱ्यांकडं लक्ष देऊ नका, तिखट हा इथला मुख्य आरोपी नाही. पण मूळव्याध किंवा फिशर (गुदद्वाराला पडलेली चीर) असेल तर जाताना आग होते, ॲसिडिटीवाल्यांना किंवा आयबीएसवाल्यांना (आतड्याचं काम बिघडून वारंवार पोट दुखणं, जुलाब किंवा बद्धकोष्ठ होणारे) त्रास वाढतो, त्यांनी आपल्या सोसण्याप्रमाणं कमी करावी. बाकीच्यांनी चटणीतलं मीठ बघावं. वर्षाची चटणी डंकावर कांडून आणताना त्यात मीठ बरंच घातलेलं असतं, मग भाजीत वेगळं मीठ हात राखून.

स्टेप ७: ताक, आंबील, दूध

दूध आणि कॅल्शियम नियमित घेणाऱ्यांत मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा धोका थोडा कमी दिसतो, हे बऱ्याच अभ्यासांत आलंय. त्यामुळं गंगावेशच्या दूध कट्ट्यावर समोर पिळलेलं म्हशीचं दूध पिणाऱ्यांनी खूश व्हायला हरकत नाही, पण धारोष्ण दुधातनं जंतू जाऊ शकतात, तापवलेलंच चांगलं. दुधानं पोट फुगत असेल तर दही-ताक घ्या, विरजणात दुधातली साखर थोडी कमी होते.

आंबील करायला शिका, दहा मिनिटांचं काम आहे. ओढ्यावरच्या यल्लमाच्या आंबील यात्रेला जी वर्षातनं एकदा मिळते ती घरी रोज होऊ शकते. रात्री नाचणीचं पीठ चार चमचे घेऊन वाटीभर आंबट ताकात गुठळी न ठेवता कालवा आणि झाकून ठेवा. सकाळी त्याला बारीक बुडबुडे आलेले दिसतात, वास जरा आंबूस येतो. पातेल्यात तीन वाट्या पाणी उकळा, आच मंद करा, कालवलेलं पीठ बारीक धारेनं सोडत डाव फिरवत राहा, हात थांबला की गुठळी झालीच. रंग कच्च्या मातकटावरनं गडद तपकिरी झाला, डावाला चिकटायला लागलं की शिजलं, सात-आठ मिनिटं लागतात. आता थंड होऊ द्या आणि मगच ताजं ताक, मीठ, ठेचलेला लसूण, जिरं, कोथिंबीर घाला. गरम असताना ताक घातलं तर ते फाटतं तर आहेच, शिवाय ताकातले जिवंत जिवाणू मरतात आणि ज्यासाठी घेतलं तेच गेलं. सकाळी चहा-खारीच्या जागी हे एक ग्लास.

स्टेप ८: बसायचं कधी आणि चालायचं किती

काही खाल्लं-प्यालं की मोठ्या आतड्याची हालचाल वाढते, हे शरीराचं नैसर्गिक वेळापत्रक आहे, सकाळी जास्त जोरात. म्हणून उठून काहीतरी पोटात घालून वीस-तीस मिनिटांत, घाई न करता बसा. कळ आली की दाबून ठेवू नका, शाळेतली पोरं आणि दुकानात बसणारे हे फार करतात. कमोड असेल तर पायाखाली छोटं स्टूल घ्या, उकिडवं बसल्यासारखा कोन मिळतो. मोबाईल बाहेर ठेवा, अर्धा तास रील बघत बसल्यानं गुदाशयाच्या शिरांवर ताण येतो आणि मूळव्याधीला आमंत्रण. चालण्याचा मोठ्या आतड्याला थेट फायदा आहे, कॅन्सरच्या बाबतीत तर हा पुरावा अगदी पक्का धरतात. आठवड्याला १५० मिनिटं जोरात चालणं, रंकाळ्यावर जा, पण फेरी मारून परत येताना चौपाटीवर भेळेच्या गाडीपाशी थांबायची सवय असेल तर ती फेरी कुणासाठी होती ते तुमचं तुम्ही ठरवा.

चूर्ण आणि इसबगोल

दोन्ही एकच समजू नका. इसबगोल हे नुसतं फायबर आहे, रोज घेतलं तरी चालतं, एक-दोन चमचे मोठ्या ग्लासभर पाण्यात, फुगायच्या आत पिऊन टाकायचं आणि वर अजून एक ग्लास पाणी. कोरडं तोंडात टाकू नका, घशात अडकतं. इतर गोळ्या चालू असतील तर दोन तासांचं अंतर ठेवा. बाजारातल्या पुष्कळ पोट साफ चूर्णांत मात्र सोनामुखी असते, ती आतड्याला चाबूक मारून काम करून घेते. कधीतरी एकदा ठीक, पण वर्षानुवर्षं रोज रात्री घेत असाल तर डॉक्टरांना सांगा, एकदम बंद करू नका, वरचे बदल करत हळूहळू सोडा.

खानावळीत जेवणाऱ्यांनी

राजारामपुरीत, विद्यापीठाच्या बाजूला रूम करून राहणाऱ्या पोरापोरींना हे सगळं वाचून हसू येईल, मेसचं ताट आपल्या हातात नसतं. तरी तीन गोष्टी हातात आहेत. मेसवाल्या काकूंना विचारून दोन चपात्यांऐवजी एक भाकरी घ्या, बऱ्याच ठिकाणी एका वेळेला तरी असते. खिशात सालीसकट फुटाणे ठेवा, मूठभर फुटाण्यांत वडापावापेक्षा कितीतरी जास्त फायबर, भूक पण मरते. आणि रूमवर काकडी, गाजर, पेरू, केळी यातलं काहीतरी कायम, याला ना गॅस लागतो ना फ्रीज.

हे कुणी करू नये आणि डॉक्टर कधी

अल्सरेटिव्ह कोलायटिस किंवा क्रोन्सचा (दोन्ही आतड्याला सूज येण्याचे जुनाट आजार) त्रास उसळलेला असेल, आतडं कुठं अरुंद झालं असेल, नुकतं पोटाचं ऑपरेशन झालं असेल, तर जास्त फायबर उलट त्रास देतं, त्यांचं पथ्य डॉक्टरच ठरवणार. आयबीएसवाल्यांना कांदा, लसूण, राजमा, हरभरा नडू शकतो, त्यांनी मूग आणि शिजलेल्या भाज्यांपासून चालू करावं.

संडासवाटे रक्त पडलं की आपल्याकडं लगेच मूळव्याध ठरवून टाकतात आणि भिंतीवरच्या जाहिरातीतल्या 'बिना ऑपरेशन खात्रीशीर' वाल्याकडं जातात. बहुतेक वेळा मूळव्याध असतेही, पण ते तपासून ठरवायचं. रक्त, डांबरासारखा काळा मळ, काही आठवडे टिकलेला बदल म्हणजे कधी जुलाब कधी बद्धकोष्ठ, मळ पेन्सिलीसारखा बारीक, विनाकारण वजन उतरणं, हिमोग्लोबिन कमी आणि कारण सापडत नाही, यातलं काहीही असलं तर सीपीआर या सरकारी दवाखान्याच्या ओपीडीत किंवा तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडं जा आणि लाजू नका. वय तीस-पस्तीस आहे म्हणून सोडून देऊ नका, मोठ्या आतड्याचा कॅन्सर तरुणांतही सापडतो. हा कॅन्सर बहुतेक वेळा पॉलिप नावाच्या छोट्या गाठीपासून वर्षानुवर्षं घेऊन तयार होतो, कोलोनोस्कोपीत, म्हणजे दुर्बिणीनं आतडं आतनं बघताना, ती गाठ दिसली तर तिथल्या तिथं काढता येते, म्हणून ही तपासणी टाळायची नाही. तपासणी ठरली की आधीचे काही दिवस मात्र हा लेख गुंडाळून ठेवा, भाकरी, पालेभाजी, बियावाली फळं सगळं बंद असतं, आतडं मोकळं लागतं, दवाखान्यातनं जो कागद देतील तोच पाळा.

आई, वडील, भाऊ, बहीण यांच्यापैकी कुणाला हा कॅन्सर झाला असेल तर त्रास नसला तरी चाळिशीला, किंवा त्यांना ज्या वयात निघाला त्याच्या दहा वर्षं आधी, यातलं जे लवकर येईल तेव्हा तपासणीबद्दल विचारायचं. म्हणजे वडिलांना ४६ व्या वर्षी निघाला असेल तर तुमची वेळ ३६. यासाठी घरातल्या मोठ्यांना बसवून कोण कशानं गेलं ते एकदा नीट विचारून घ्या, आपल्याकडं "पोटाच्या दुखण्यानं गेला" एवढ्यावरच विषय संपवतात. कपाटात जुनी फाईल असेल तर त्यातला बायोप्सीचा रिपोर्ट शोधा, मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा आणि डॉक्टरकडं जाताना तो दाखवा.